पावणेतीन वर्षांचा लेक शी धरून ठेवतो, पॉटी ट्रेनिंग पूर्ण अडकलंय

मधुमालती | १२ एप्रिल, रात्री ११:४८

नमस्कार, इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. जरा मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवलीत राहतो, वन बीएचके, मी, नवरा, लेक आणि सासूबाई. लेक पावणेतीन वर्षांचा आहे. मी सकाळी पावणेआठची लोकल पकडते ते संध्याकाळी साडेसातला घरी, दिवसभर तो आईंजवळ असतो (सासूबाईंना मी आईच म्हणते, त्या खूप जीव लावतात त्याला, हे आधीच सांगते). १५ जूनला त्याची नर्सरी सुरू होतेय आणि शाळेने ऍडमिशनच्या वेळीच सांगितलंय की मूल डायपरशिवाय यायला पाहिजे. म्हणून गुढीपाडव्याला ठरवून डायपर बंद केले, रात्रीचा सोडून.

शूचं जमतंय. दीड दोन तासांनी मोरीत नेलं की करतो, दिवसाला एखाददुसरी चड्डी भिजते, त्याचं काही नाही. पण शी! शी आली की हा बेडरूमच्या दाराआड जाऊन उभा राहतो, टाचा वर, पाय एकमेकांवर घट्ट आवळलेले, तोंड लालबुंद. "शी आली का रे राजा" विचारलं की "नाही नाही नाही". उचलून पॉटीवर बसवलं की अंग ताठ करतो आणि रडतो. तीन तीन दिवस करत नाही, मग चौथ्या दिवशी रात्री डायपर लावला की त्यात एवढी मोठी आणि कडक करतो की बघून मलाच भीती वाटते, एकदा थोडं रक्त पण दिसलं. आणि कळत नाही ते हे की मधल्या दिवसांत चड्डीला सारखे पातळ डाग लागतात. आईंना वाटलं पोट बिघडलंय, म्हणून त्यांनी फळं, भाजी सगळं बंद करून नुसता दहीभात आणि साबुदाण्याची पेज सुरू केली.

काल घरी आले तर धुतलेल्या गोधडीवर तिसऱ्यांदा डाग, आईंचं कंबर धरलेलं, नवरा अजून यायचा होता, आणि मी त्याला फटका मारला. जोरात. तो रडला नाही, नुसता म्हणाला, "सॉरी आई, शी आपोआप गेली." ते वाक्य काल रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये.

मला खरंच सांगा, माझं काय चुकतंय? अजून दोन महिने आहेत. जमेल का?


चिंगीची आई | १३ एप्रिल, रात्री १२:१५

आधी झोप बाई. सकाळी उठल्यावर त्याला जवळ घे आणि सांग की आईने मारायला नको होतं. एवढीशी असली तरी मुलांना कळतं, आणि आईने चूक कबूल केली की त्यांना फार हलकं वाटतं. मी केलंय हे, म्हणून सांगते. बाकी उद्या सविस्तर लिहिते.


दोन पोरांचा बाबा | १३ एप्रिल, सकाळी ८:०२

आमच्या घरी दोन्ही पोरांचं ट्रेनिंग मी केलंय कारण बायकोची नाईट शिफ्ट असते, त्यामुळे अनुभवाने लिहितो.

मोठीचं दोन वर्षं दोन महिन्यांना सुरू केलं, तीन आठवड्यांत दिवसाचं झालं. धाकट्याचं त्याच वयात त्याच पद्धतीने सुरू केलं आणि दोन महिने नुसती फरशी पुसली, शेवटी सगळं बंद केलं, तो तीन वर्षांचा झाल्यावर परत सुरू केलं तर दहा दिवसांत जमलं. म्हणजे वय बघू नका, मूल बघा. दोन तास चड्डी कोरडी राहते का, भिजली की त्याला नको वाटतं का, स्वतः चड्डी खाली ओढता येते का, 'शू' 'शी' असे दोन शब्द का होईना सांगता येतात का, आणि सांगितलेलं एखादं साधं काम करतो का. यातलं बरंचसं येत असेल तर सुरू करा, नाहीतर महिनाभर थांबा.

उन्हाळा हा उत्तम काळ आहे, एक चड्डी आणि उघडी पोटरी, कपडे तासाभरात वाळतात. पावसाळ्यात करायला गेलात तर घरभर ओल्या चड्ड्यांचे तोरण आणि वास. चड्ड्या मात्र डझनभर घ्या, सुती, सैल इलास्टिकच्या, एक साइज मोठ्या. पॉटी बाथरूममध्ये लपवू नका, जिथे खेळतो तिथे कोपऱ्यात ठेवा, पहिले चार दिवस त्याला नुसतं कपड्यांसकट बसू द्या, त्याच्या भालूला बसवू दे. मुलगा आहे म्हणून उभ्याने शू शिकवायची घाई करू नका, आधी दोन्ही बसूनच, उभं राहणं नंतर बाबाचं बघून आपोआप येतं.

आम्ही स्टिकर पण वापरले, शूसाठी खूप चालले. पण तुम्ही लिहिलंय ते वाचून मला वाटतं तुमच्या मुलाला शीची *भीती* बसलीये, आणि भीतीवर स्टिकर चालत नाही. डॉक्टरांना दाखवलंय का?


जुनं अंगण | १३ एप्रिल, दुपारी २:३०

मी कोल्हापूरची, वय ६८, तीन मुलं आणि पाच नातवंडं वाढवली. तुमच्या पिढीला हे इतकं अवघड का जातं ते मला माहीत आहे, कारण डायपर. आमच्या वेळी लंगोट. लंगोट ओला झाला की बाळ लगेच कुरकुर करायचं, ओलं म्हणजे काय ते त्याला कळायचं. मान धरली, पाठ धरली की सकाळी दूध पाजल्यावर आम्ही पाय लांब करून बसायचो, दोन्ही पावलांच्या मध्ये बाळाला बसवायचं, पाठ आपल्या नडग्यांना टेकलेली, आणि तोंडाने शूऽऽऽ. दहा मिनिटांत काम. दीड वर्षाला मुलं स्वतः सांगायची. डायपरमध्ये मुलाला ओलं कळतच नाही, मग अडीच वर्षांनी एकदम सांगायचं की आता इथे कर, ते बिचारं गोंधळणारच.

तुझ्या मुलाला खडा होतोय पोरी. विड्याच्या पानाचं देठ एरंडेलात बुडवून लाव, लगेच होईल. काळ्या मनुका रात्री भिजत घाल, सकाळी कुस्करून दे.


न्यूजर्सीकर | १३ एप्रिल, सायं. ७:४५

आजी, तुमची पहिली गोष्ट अगदी पटली. आमच्या इथे गंमत म्हणजे हेच आता नवीन म्हणून शिकवतात, बाळाचे इशारे ओळखून पहिल्या काही महिन्यांतच पॉटीवर धरायचं. १९७७ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरच्या डिगो लोकांवर एक लेख आला होता, त्यांच्याकडे बाळ काही आठवड्यांचं असल्यापासून आई त्याला पायांवर धरते, तोंडाने आवाज करते आणि पाच-सहा महिन्यांत बाळ त्या आवाजाला करतं. वाचताना मला माझी आजीच दिसली.

पण दुसरी बाजूपण आहे. अमेरिकेत पूर्वी फार लवकर आणि फार कडक ट्रेनिंग करायचे, आणि त्यातून बद्धकोष्ठ, अंथरूण ओलं करणं असे त्रास डॉक्टरांकडे यायचे. मग १९६२ मध्ये डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी ११७० मुलांच्या नोंदी मांडल्या, त्यात पद्धत अशी की दीड वर्षाच्या आसपास नुसती ओळख करून द्यायची आणि मग मूल तयार दिसेल तसं पुढे जायचं, नको म्हणालं की मागे यायचं. दिवसाचं ट्रेनिंग सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना पूर्ण झालं. म्हणजे दोन वर्षं साडेचार महिने. आज इथे माझ्या मुलीच्या वर्गात तीन वर्षांची कितीतरी मुलं डायपरमध्ये आहेत.

आजींची पद्धत चालायची कारण घरात दिवसभर कोणीतरी बाळाचं तोंड बघत बसलेलं असायचं. पाय लांब करून बसायला वेळ होता. मधुमालतीला पावणेआठची लोकल आहे.


जुनं अंगण | १३ एप्रिल, रात्री ९:१०

हो, ते खरं. आमच्याकडे चार बायका होत्या घरात. एकटीने मलाही जमलं नसतं.


औषधपाणी | १४ एप्रिल, सकाळी ६:५०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. औषधाचं नाव आणि डोस इथे लिहिणार नाही, ते मुलाला तपासून त्याच्या वजनावर ठरतं. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते मी आठवड्यातून तीन चार वेळा तरी ऐकतो, म्हणून ते नेमकं काय असतं ते सांगतो.

टाचा उंच करून, पाय आवळून, लाल होऊन उभा राहतो तेव्हा तो जोर करत नाहीये. तो शी *आत धरून ठेवतोय*. बहुतेक आईवडलांना वाटतं की बिचारा करायचा प्रयत्न करतोय. उलट आहे. कधीतरी एकदा शी कडक झाली, करताना दुखलं, कदाचित चीर पडली (कडक शीच्या बाहेरून लागलेलं थोडंसं लाल रक्त बहुतेकदा त्या चिरेचंच असतं), आणि त्याने डोक्यात पक्कं केलं की शी म्हणजे दुखणं. मग तो धरून ठेवतो. जितका वेळ धरेल तितकं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, शी अजून मोठी अजून कडक होते, पुढच्या वेळी अजून दुखतं. हे चाक फिरत राहतं.

आणि ते पातळ डाग. आतला कडक गोळा तिथेच असतो, त्याच्या बाजूने वरची पातळ शी झिरपून चड्डीला लागते. हा जुलाब नाही. बराच काळ गोळा राहिला की गुदाशय ताणलं जातं आणि मुलाला शी आल्याचं कळेनासं होतं. तुमचा मुलगा म्हणाला ना, "आपोआप गेली". तो खरं बोलला. मुद्दाम करत नाहीये, आळस नाही, हट्ट नाही.

त्यामुळे फळं भाजी बंद करून पेज देणं म्हणजे आगीत तेल, पण आजींना दोष देऊ नका, डाग बघून कोणालाही जुलाबच वाटेल.

आता काय करायचं. एक, याच आठवड्यात तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पोट तपासलं की बहुतेक वेळा गोळा हाताला लागतो. आधी आतलं साफ करावं लागतं आणि मग शी मऊ राहील असं औषध रोज, काही आठवडे नाही तर बऱ्याचदा काही महिने. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. आठ दिवस बरं वाटलं की "आतड्याला सवय लागेल" म्हणून घरचे औषध बंद करतात आणि चाक परत सुरू. ताणलेलं आतडं मूळ आकारात यायला वेळ लागतो, भीती जायला त्याहून जास्त.

दोन, शीचं ट्रेनिंग पूर्ण थांबवा. डायपर मागितला तर द्या. ही माघार नाही. शी बाहेर येणं महत्त्वाचं, कुठे ते नंतर.

तीन, दूध किती पितो ते मोजा. अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर तेवढ्यावर आणा.

देठ, साबणाची वडी, एरंडेल यातलं काहीही नको. आधीच ज्या जागेची भीती बसली आहे तिथे आपण अजून काहीतरी घालतो, भीती दुप्पट होते.

पोट फुगलंय, उलट्या होतायत, वजन वाढत नाही, पायात जोर नाही, किंवा जन्मल्यापासूनच असं आहे (पहिली काळी शीच दोन दिवसांच्या पुढे गेली होती) असं काही असेल तर वेळ न घालवता दाखवा.


केळफूल | १४ एप्रिल, सकाळी ९:३३

डॉक्टर, हे शाळेच्या प्रत्येक पालकसभेत वाचून दाखवायला पाहिजे. माझ्या भाच्याला चार वर्षांचा होईपर्यंत सगळे "घाणेरडा" म्हणायचे, चाळीतली मुलं नाक धरायची. त्याला हाच त्रास होता हे फार उशिरा कळलं. आता नववीत आहे, पण अजून बाहेर कुठेही टॉयलेटला जात नाही, सहलीला गेला तर जेवत नाही. लाज लहानपणी लावली की ती अशी चिकटते.


मधुमालती | १४ एप्रिल, दुपारी १:२०

लंच ब्रेकमध्ये वाचलं आणि डोळ्यात पाणी आलं. "तो खरं बोलला" हे मी तीनदा वाचलं. काल सकाळी त्याची माफी मागितली, चिंगीची आई, तुमचं ऐकून. त्याने माझ्या गालावर हात फिरवला आणि म्हणाला, "परत नको मारू हां." शनिवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. आईंना हे सगळं मराठीत असल्यामुळे मोबाइलवर वाचून दाखवणार आहे आज.


पाळणाघरवाली ताई | १४ एप्रिल, दुपारी ३:५५

नाशिकला घरीच पाळणाघर चालवते, एकोणीस वर्षं झाली, माझ्याकडे दीड ते साडेतीनची मुलं असतात. शूबद्दल दोन तीन गोष्टी, ज्या घरी कोणी सांगत नाही.

घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरा. आई म्हणते पॉटी, आजी म्हणते शी, शाळेत म्हणतात वॉशरूम, मुलाला वाटतं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत काय म्हणतात ते आधी विचारून घ्या आणि घरी दोन महिने तोच शब्द चालवा. माझ्याकडून गेलेली एक मुलगी शाळेत पहिल्या दिवशी "ताई मला नंबर वन आलाय" म्हणत राहिली, आणि बाईंना वाटलं ती स्पर्धेत पहिली आली असं सांगतेय, तोवर फ्रॉक ओला.

"शू आली का" विचारू नका, उत्तर नेहमी नाही. "चल, शूची वेळ झाली" म्हणा. उठल्यावर, जेवण झाल्यावर, बाहेर पडायच्या आधी, झोपायच्या आधी, एवढ्या वेळा पक्क्या ठेवा. पण दर वीस मिनिटांनी नेऊ नका, लघवीची पिशवी भरल्याचं मुलाला कळायलाच संधी मिळत नाही.

जीन्स, बेल्ट, डांगरी, घट्ट लेगिंग सगळं कपाटात. मुलाला घाईच्या वेळी जे एका हाताने खाली ओढता येईल तेच घाला.

मुलींना धुताना पुढून मागे, कधीही उलटं नाही, आणि मुलीला पण तसंच शिकवा. माझ्याकडच्या दोन मुलींना लघवीचं इन्फेक्शन झालं होतं तेव्हा डॉक्टरांनी हेच सांगितलं.

आणि खूप मुलं घाबरतात ती फ्लशच्या आवाजाला, जेट स्प्रेच्या गार पाण्याला, आणि इंडियन टॉयलेटच्या भोकाला. त्यांना खरंच वाटतं आपण आत पडू. फ्लश मूल बाहेर गेल्यावर करा, धुवायला मगभर कोमट पाणी घ्या. एवढ्यानेच निम्मी मुलं बसायला लागतात.


पायवाट | १४ एप्रिल, रात्री १०:४०

मी सांगली जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. शहरातल्या ताईंना हे माहीत असेल पण लिहिते. आमच्याकडं अजून लोकांना वाटतं बारक्या पोराची शी म्हणजे काय घाण नव्हं, दूधच पितंय. मग अंगणात बसवायचं आणि कागदानं उचलून उकिरड्यावर टाकायचं, नाहीतर मोरीतच पाण्यानं सारायचं. पण पोराच्या शीत मोठ्या माणसाच्या शीएवढेच जंतू असतात, जंत असतात. ती संडासातच टाकायची, पॉटीतली असू द्या नाहीतर डायपरमधली, आणि नंतर पोराचे हात, आपले हात साबणानं. अंगणवाडीत आम्ही हात धुणं गाण्यानं शिकवतो, घरी जाऊन पोरंच आईला शिकवतात.

आणि डायपर गुंडाळून वेगळा द्या ताई. कचरा वेचणाऱ्या बायका हातानं वर्गीकरण करतात.


चिंगीची आई | १५ एप्रिल, सकाळी ७:२०

हे बरं आठवण केलीत. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंनी सांगितल्यापासून आम्ही पेपरात गुंडाळून वर लाल ठिपका काढतो, म्हणजे त्यांना उघडायच्या आधीच कळतं आत काय आहे. लाल पेन दाराशीच टांगलंय.


मधुमालती | २० एप्रिल, रात्री १०:५५

शनिवारी दाखवलं. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि माझाच हात धरून तिथे ठेवला, डाव्या बाजूला खाली, गोळा मला पण लागला. इतके दिवस मी त्याला रोज आंघोळ घालतेय आणि मला कळलं नाही.

औषध सुरू केलंय. पहिले तीन दिवस कठीण गेले, खूप वेळा झाली, मी दोन दिवस सुट्टी घेतली होती. डायपर त्याच्या हातात देऊन सांगितलं, शी आली की मला आणून दे, मी लावते, कोणी काही बोलणार नाही. तो चक्क दोनदा पळत घेऊन आला!

दुधाचं मोजलं. दिवसाला चार कप आणि रात्री एक बाटली, जवळजवळ एक लिटर. आई म्हणाल्या, "जेवत नाही म्हणून मी दूध देत होते", आणि डॉक्टर म्हणाले, दूध देताय म्हणून तो जेवत नाही. आता सकाळी एक कप, संध्याकाळी एक कप. दोन दिवस रडला, तिसऱ्या दिवशी ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून पूर्ण वाटी खाल्ली. पपई, पेरू (बिया काढून), सालीच्या मुगाची खिचडी, भिजवलेल्या मनुका. बिस्किटं डब्यातून काढून टाकली. पाण्यासाठी त्याला स्वतःचा छोटा तांब्या आणलाय, त्यातून प्यायला त्याला आवडतं.

आईंना वाईट वाटतंय. साबुदाण्याची पेज त्यांनी प्रेमाने केली होती. त्या रात्री स्वयंपाकघरात एकट्याच रडत होत्या. मी म्हटलं, आई, डाग बघून मी पण तेच केलं असतं.


जुनं अंगण | २१ एप्रिल, सकाळी ११:००

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मी पण देठाचंच सांगितलं होतं ना तुला. माझ्या मधल्या मुलाला मी स्वतः देठ लावलेलं आहे, तो किंचाळायचा आणि दोघी जणी त्याचे पाय धरायच्या. आम्हाला वाटायचं बरं करतोय. डॉक्टरांनी लिहिलं ते वाचून दोन दिवस तेच डोळ्यासमोर येतंय. आता मी कोणाला सांगणार नाही. मनुका मात्र चांगल्या, ते सांगत राहीन.


औषधपाणी | २१ एप्रिल, रात्री ८:१५

मनुका चांगल्याच, आजी. आणि पायांवर बसवायची तुमची पद्धत फार शहाणी आहे. गुडघे कमरेच्या वर येतात, पावलांना आधार मिळतो, शी सरळ उतरते. कमोडवर मुलाचे पाय लोंबकळत राहिले की त्याला जोरच लावता येत नाही. मधुमालती, तो स्वतःहून बसायला तयार होईल तेव्हा पायाखाली पाट द्या. वेळ जेवणानंतरची, पंधरा-वीस मिनिटांनी, पोट भरलं की आतडं आपणहून हलतं. तीन ते पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. झाली तर छान, नाही झाली तरी उठायचं.


रातराणी_ठाणे | २ मे, दुपारी १२:१०

धाग्यात मध्येच विचारतेय. माझी मुलगी साडेचार, दिवसा एकदम पक्की आहे पण रात्री अंथरूण रोज ओलं. सासरे म्हणतात लाडावून ठेवलीय. रात्री दोनदा उठवून नेते तरी ओलंच.


औषधपाणी | २ मे, रात्री ९:४०

दिवसाचं शिकवता येतं, रात्रीचं शिकवता येत नाही, ते शरीर वाढतं तसं येतं. झोपेत लघवी कमी तयार व्हावी लागते आणि पिशवी भरल्याचा निरोप गाढ झोपेतून जागं करण्याइतका जोरात मेंदूला पोचावा लागतो. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा मुलांचं अंथरूण ओलं होतं. पाचच्या आत आम्ही याला आजार म्हणतच नाही. आई किंवा बाबांना लहानपणी असं होतं का, घरी विचारा, बऱ्याचदा असतं. तिलाही शी कडक होत असेल तर ते आधी बघा, भरलेलं आतडं लघवीच्या पिशवीवर दाबतं. अर्धवट झोपेत उचलून नेऊन ती काही शिकत नाही, तुमची झोप तेवढी जाते.

फक्त, सहा महिने वगैरे कोरडी राहिलेली मुलगी एकदम परत ओलं करू लागली, लघवीला जळजळ, ताप, किंवा खूप तहान आणि खूप लघवी असं झालं तर लगेच दाखवा, लघवी आणि साखर तपासावी लागते.


रातराणी_ठाणे | २ मे, रात्री ११:०५

आत्ता नवऱ्याला विचारलं. त्यांचं सात वर्षांपर्यंत होत होतं! सासूबाईंनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मेणकापड घालून वर दुपटं घातलंय, आता उठवणार नाही. मनापासून आभार.


मधुमालती | १७ मे, रात्री ११:३०

अपडेट देते. शी आता रोज किंवा एक दिवसाआड, मऊ. दाराआडच जातो, पण टाचा वर करत नाही! आधी डायपर हातात घेऊन बेडरूममध्ये, मग हळूहळू सांगितलं की डायपर लावूया पण बाथरूममध्ये उभं राहूया, दहा दिवस तसं केलं. मग डायपर लावूनच पॉटीवर बसला. मागच्या रविवारी मी डायपर सैल लावला, शी झाली, त्याने उठून वाकून बघितलं आणि विचारलं, "दुखलं नाही?" मलाच विचारत होता. मी म्हटलं, तूच सांग. म्हणाला, "नाही दुखलं."

मध्ये नवऱ्याच्या काकूंकडे लग्नाला गेलो होतो, तिथे चार जणी म्हणाल्या, "एवढा घोडा झाला आणि डायपर!" त्याच्यासमोरच. आईंनी उठून सांगितलं, "त्याचं औषध चालू आहे, त्याच्यासमोर बोलू नका." मी बघतच राहिले.

दोन दिवस परत धरून ठेवली होती त्या लग्नानंतर. डॉक्टर म्हणाले असं मागेपुढे होणार.


दोन पोरांचा बाबा | १८ मे, सकाळी ८:११

आईंना साष्टांग नमस्कार. शाळेशी आत्ताच बोलून ठेवा, पंधरा जूनला नको. डॉक्टरांची चिठ्ठी द्या, दोन जादा चड्ड्या, एक पिशवी, आणि कोणत्या मावशी बाथरूमला नेतात त्यांना प्रत्यक्ष भेटा, मुलाला पण भेटवा. टॉयलेट आधी दाखवून आणा. आमचा धाकटा घरी पक्का होता पण शाळेतलं टॉयलेट अंधारं होतं म्हणून दुपारपर्यंत शू धरून बसायचा.


मधुमालती | २८ जून, रात्री १०:२०

सगळ्यांनी विचारपूस केलीत म्हणून लिहिते.

शाळा सुरू झाली. मुख्याध्यापिकाबाईंशी मे महिन्यातच बोललो होतो, चिठ्ठी दिली, त्या म्हणाल्या घेऊन या, बघू. मावशींना आधी भेटलो, टॉयलेट बघून आला, छोटं कमोड आहे, त्याला आवडलं. दोन आठवड्यांत दोनदा चड्डी ओली झाली आणि एकदा थोडी शी लागली. मावशींनी बदलली आणि पिशवीत घालून दिली, कोणाला काही बोलल्या नाहीत. तो घरी येऊन स्वतःच म्हणाला, "मावशींनी धुतलं, गरम पाणी होतं."

औषध चालू आहे, ऑगस्टमध्ये परत बोलावलंय, तेव्हा कमी करायचं का ते डॉक्टर बघणार, आम्ही मनाने काही बंद करणार नाही. रात्रीचा डायपर आहेच, त्याची आता मला काळजी नाही. कपडे पावसामुळे वाळत नाहीत, पंख्याखाली दोरी बांधली आहे.

आणि आज सकाळची गोष्ट. रविवार, सगळे घरात. तो नेहमीसारखा दाराआड गेला. मी कांदा चिरत होते, हात तसाच थांबला, पण वळून बघितलं नाही. मग फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. बघते तर तो आईंचा देवघरापुढचा पाट ओढत बाथरूमकडे निघालाय. आई काही बोलायच्या आत मी त्यांना खूण केली. पाट पॉटीपुढे नीट ठेवला, चड्डी काढली, बसला, पाय पाटावर. मी दाराशी गेले तर म्हणाला, "आई, तू बाहेर थांब."

मी बाहेर थांबले. पाच मिनिटांनी आतून हाक आली, "आजी, धू."

आई म्हणाल्या, तो पाट आता त्याचाच, देवापुढे दुसरा आणू.